भागीदारीचे तिकीट



कोराडी या गावाच्या दोन ओळखी आहेत. श्रीमहालक्ष्मी जगदंबेचे देवस्थान ही पहिली आणि १९७४ सालापासून वीज देणारे औष्णिक केंद्र ही दुसरी. एका ठिकाणी माणसे काही मागावयास येतात, दुसऱ्या ठिकाणी पाळ्या करून महिन्याचा पगार मिळवितात. मागणे आणि मिळविणे यांच्या मधोमध, रस्त्याच्या कडेला, तिसरी एक जागा असते. तिथे मागणेही पुरते नसते आणि मिळविणेही नसते. ती जागा म्हणजे लॉटरीच्या तिकिटांची टपरी. तिकिटांची नावे तरी काय? गजलक्ष्मी, सागरलक्ष्मी! लक्ष्मीच्या गावात ती खपली नाहीत तरच नवल.

आज या विषयावर बोलावयाचे ठरविले, त्याला कारण एक प्रश्न आहे. तो मला अनेकांनी विचारला आहे आणि तरुणपणी मीही इतरांना विचारीत असे. एकट्याने एक तिकीट घेण्यापेक्षा दहाजणांनी वर्गणी काढून दहा तिकिटे घेतली, तर बक्षीस लागण्याचा संभव वाढतो की नाही? उत्तर सरळ आहे: वाढतो. परंतु नेमके काय वाढते, काय मुळीच वाढत नाही, आणि ज्याचा आपण हिशेबच करीत नाही असे कोणते ओझे वाढते, हे पाहण्यासारखे आहे.

आधी एक अनुभव सांगतो. त्याचे कारण शेवटी कळेल.

साल १९८३ च्या सुमाराचे. आम्ही एका पाळीतले सातजण प्रत्येकी दोन रुपये जमवून दर आठवड्याला सात तिकिटे घेत असू. पैसे गोळा करणे, तिकिटे आणणे आणि सांभाळणे हे काम आमच्यातल्याच एकाकडे होते. माणूस अत्यंत सरळ. कोणी रजेवर असला, तर त्याचे दोन रुपये तो स्वतःच्या खिशातून भरी आणि मागाहून घेई. असे दोन वर्षे चालले. एका आठवड्यात आमच्यातला एक सोबती पत्नीच्या बाळंतपणासाठी गावी गेला होता. तिकिटे नेहमीप्रमाणे सातच आणली गेली आणि नेमके त्याच आठवड्यात पाच हजारांचे बक्षीस लागले. वाटणी सातांत करावयाची, तर प्रत्येकी सातशे चौदा रुपये. रजेवरचा परत येताच दोन रुपये घेऊन हजर झाला. तेव्हा तिकिटे आणणारा म्हणाला, "या खेपेस तुझे मी भरलेच नव्हते. सातवे तिकीट मी माझ्यासाठी घेतले." दुसरा म्हणाला, "याआधी दोनदा तू माझे भरलेस आणि मी ते फेडले. मग याच वेळी नियम कसा बदलला?" खरे कोणाचे? आज इतक्या वर्षांनीही मला ठामपणे सांगता येणार नाही. बहुधा दोघेही मनापासून खरेच बोलत होते. आम्ही उरलेले पाचजण गप्प बसलो. त्या दोन घरांत संक्रांतीच्या तिळगुळाची देवघेव होती, ती त्या वर्षी थांबली आणि पुन्हा कधी सुरू झाली नाही.

हे बाजूला ठेवून आता गणिताकडे वळू.

संभव म्हणजे काय?

संभवाचे गणित आपल्याकडच्या विचाराला परके नाही. वनपर्वातील नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडावरची पाने व फळे किती, ते न मोजता सांगतो. नल रथ थांबवून प्रत्यक्ष मोजतो, तेव्हा आकडा बरोबर निघतो. मग नल ऋतुपर्णाला अश्वविद्या देतो आणि त्याच्याकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांचे मर्म, घेतो. द्यूतात राज्य गमावलेल्या राजाला मर्म शिकविणारा गुरू हा मुळात मोजणारा माणूस आहे, ही गोष्ट मोठी सूचक आहे. पुढे भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त सहा रसांचे किती प्रकारे मिश्रण करता येईल, असे उदाहरण आहे. उत्तर येते त्रेसष्ट. लॉटरीचे सारे गणित याच जातीचे आहे: एकंदर प्रकार किती आणि त्यांपैकी आपल्या हाती किती?

एक काल्पनिक सोडत घेऊ. आकडे मी सोयीसाठी धरतो. दहा रुपयांचे एक याप्रमाणे दहा लाख तिकिटे विकली गेली. जमले एक कोटी रुपये. त्यांतील पन्नास लाख बक्षिसांत वाटावयाचे: पंचवीस लाखांचे पहिले बक्षीस एक, आणि हजार-हजार रुपयांची लहान बक्षिसे अडीच हजार. उरलेल्या पन्नास लाखांतून कर, छपाई, विक्रेत्यांचे कमिशन आणि राज्याचा वाटा निघेल.

एकट्याने एक तिकीट घेतले, तर पहिले बक्षीस लागण्याचा संभव दहा लाखांत एक. दहाजणांनी दहा तिकिटे घेतली, तर गटाचा संभव एक लाखात एक. म्हणजे तो दसपट झाला! टपरीवर जे सांगितले जाते ते खोटे नाही. परंतु बक्षीस लागले तर ते दहांत वाटावयाचे. संभव दसपट, वाटा दशांश. दहाने गुणले आणि दहाने भागले, की मूळचीच संख्या हाती येते. एकट्याच्या दहा रुपयांमागे सरासरीने परत येतात पाच रुपये, आणि गटातल्या माणसाच्या दहा रुपयांमागेही पाचच. भागीदारीने एक पैसाही वाढत नाही.

मग भागीदारीने बदलते काय? चढउतार बदलतात. एकट्याचा प्रवास म्हणजे एक फार उंच शिखर आणि भोवती अफाट सपाट माळ. गटाचे शिखर दहापट ठेंगणे, पण माळावर अधूनमधून एखादी टेकडी लागते. लहान बक्षिसाचा संभव एका तिकिटाला सुमारे चारशेत एक, तर दहा तिकिटांना सुमारे चाळीसांत एक. म्हणजे चाळीस आठवड्यांत एखादे वेळी हजार रुपये लागतील, प्रत्येकाला शंभर मिळतील, लाडू वाटले जातील आणि गटाचा उत्साह टिकून राहील. मात्र त्या चाळीस आठवड्यांत प्रत्येकाने चारशे रुपये भरलेले असतात, ही गोष्ट लाडवांच्या दिवशी कोणी बोलून दाखवीत नाही.

येथे एक बारकावा आहे. कागदावर अर्धे पैसे परत येतात असे दिसते. परंतु त्या अर्ध्यातला अर्धा भाग एकट्या पहिल्या बक्षिसात अडकलेला आहे आणि ते बक्षीस आपल्या दहाजणांच्या गटाला सरासरीने एक लाख आठवड्यांतून एकदा लागावयाचे. वर्षाचे आठवडे बावन्न, तेव्हा हा काळ सुमारे एक हजार नऊशे तेवीस वर्षांचा झाला. पैठणास सातवाहन राज्य करीत होते, तेव्हापासून दर आठवड्याला न चुकता तिकिटे घेत आलो असतो, तर आज सरासरी पुरी झाली असती. आणि तीही खात्रीने नव्हे! इतकी वर्षे खेळूनही पहिले बक्षीस एकदाही न लागण्याचा संभव शंभरात सुमारे सदतीस उरतोच. तेव्हा मनुष्याच्या आयुष्यात जे प्रत्यक्ष परत येते, ते शंभरातले पन्नास नसून पंचवीसच, असे धरून चालावे.

"इतकी वर्षे लागले नाही, म्हणजे आता लागेलच," असे पुष्कळजण म्हणतात. सोडतीच्या यंत्राला स्मरणशक्ती नसते. गेल्या आठवड्यात कोण हरले हे त्याला ठाऊक नाही आणि ठाऊक असते तरी कीव आली नसती.

गट जितका मोठा, तितका तोटा पक्का

आता युक्तिवाद शेवटपर्यंत नेऊन पाहू. दहाऐवजी शंभरांचा गट केला, हजारांचा केला, सारी कोराडी एक केली. शेवटी असा गट कल्पा की त्याने दहाही लाख तिकिटे विकत घेतली. पहिले बक्षीस लागणार? निश्चित! सारीच बक्षिसे त्यालाच. परंतु भरले एक कोटी आणि मिळाले पन्नास लाख. पन्नास लाखांचा तोटाही तितकाच निश्चित. एकट्या माणसाला निदान भाग्याचा आसरा असतो. गट वाढत गेला की तो आसराही सुटतो आणि माणसे सरासरीच्या हाती सापडतात. संभव वाढविण्याचा मार्ग शेवटपर्यंत चालत गेले की जिथे पोचतो, तो हा मुक्काम.

कोणी म्हणेल, जगात अशा गटांनी लॉटरी जिंकल्याच्या गोष्टी आहेत, त्यांचे काय? आहेत खऱ्या. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात १९९२ साली चव्वेचाळीस आकड्यांतून सहा निवडावयाची लॉटरी होती. सारे प्रकार मोजले तर ते ७०,५९,०५२ भरतात आणि तिकीट होते एका डॉलरचे. कोणालाच न लागल्यामुळे पहिले बक्षीस साचत साचत दोन कोटी सत्तर लाख डॉलरांवर गेले. स्टीफन मँडेल नावाच्या गणिती माणसाने ऑस्ट्रेलियात हजारो लोकांची वर्गणी जमवून सारेच प्रकार विकत घेण्याचा घाट घातला. वेळ अपुरा पडला आणि सुमारे पन्नास लाख प्रकारच घेता आले. जिंकणारा त्यांत होता, ही मात्र दैवाची कृपा. त्याहीपूर्वी, अठराव्या शतकात, फ्रेंच सरकारने सोडतीची योजना अशी काही चुकीची आखली की सर्व तिकिटांच्या किमतीपेक्षा बक्षिसांचीच रक्कम अधिक झाली. ला काँदामीन या गणितज्ञाने ते ओळखले आणि व्होल्तेरसह गट करून भरपूर पैसा मिळविला.

या दोन्ही गोष्टींचे मर्म एकच आहे. बक्षिसांची बेरीज तिकिटांच्या बेरजेहून मोठी झाली होती. गटाने पैसा निर्माण केला नाही. योजनेतली चूक अथवा साचलेली रक्कम गटाने उचलली, इतकेच. आपल्याकडच्या छापील तिकिटांच्या सोडतीत बक्षिसांची यादी आधीच ठरलेली असते आणि ती विक्रीच्या अपेक्षेहून लहानच ठरविलेली असते. तशी न ठरविली, तर राज्य लॉटरी चालवील कशाला?

राज्य आणि लॉटरी

सरकारी लॉटरीची सुरुवात केरळाने १९६७ साली केली. पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ रोजी निघाली. तिकीट एक रुपयाचे आणि पहिले बक्षीस पन्नास हजारांचे. महाराष्ट्राने १९६९ साली आपली लॉटरी सुरू केली. मुंबईत मटक्याचे आकडे जोरात असतानाचा तो काळ. १९९८ साली संसदेने लॉटरीचे नियमन करणारा कायदा केला. आधी जाहीर केलेल्या आकड्यावर वा एकाच अंकावर बक्षीस ठेवावयाचे नाही, तिकिटावर राज्याची मुद्रा पाहिजे, सोडत राज्यातच झाली पाहिजे, अशा अटी त्याने घातल्या. एका अंकाच्या लॉटरीने किती संसार धुळीस मिळविले, हे ज्यांनी पाहिले त्यांना पहिल्या अटीचे कारण सांगावयास नको. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की लॉटरी राज्याने चालविली तरी तिचे मूळ स्वरूप जुगाराचेच राहते.

कराचा भागही ध्यानात घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर वस्तू व सेवा कर चाळीस टक्के झाला. तो तिकिटाच्या किमतीतच धरलेला असतो. म्हणून शंभर रुपयांच्या तिकिटातले सुमारे साडेअठ्ठावीस रुपये सोडत निघण्यापूर्वीच करात जातात. मोठे बक्षीस लागले तर त्यावर सरसकट तीस टक्के आयकर आणि वर उपकर. एवढी वजाबाकी झाल्यावर जे उरते, त्याचे दहा वाटे.

याच्या शेजारी आपल्या वसाहतीतल्या बायकांची भिशी ठेवून पाहा. दहाजणींनी दर आठवड्याला दहा रुपये टाकले, तर वर्षाला पाच हजार दोनशे जमतात आणि पाच हजार दोनशेच त्यांच्यात वाटले जातात. चिठ्ठी तिथेही निघते, उत्सुकता तिथेही असते. पण चिठ्ठी फक्त पाळी ठरविते, पैसा वर्तुळाबाहेर जात नाही. तेच पैसे मघाच्या सोडतीत घातले, तर लहान बक्षिसांतून सरासरीने तेराशे परत येतात. पुरुषमंडळी भिशीला बायकांचा खेळ म्हणून हसतात. हिशेब मात्र बायकांचा बरोबर असतो.

मग मिळून तिकीट घ्यावेच कोणी?

घेऊच नये, असे मी म्हणणार नाही. सणावारी, गंमत म्हणून, चार मित्रांनी मिळून एखादे तिकीट घेतले तर आकाश कोसळत नाही. परंतु भागीदारीचे दोन प्रकार आहेत. एकात दहाजण प्रत्येकी पूर्वीइतकाच खर्च करतात आणि तिकिटे दहा होतात. दुसऱ्यात दहाजण मिळून एकच तिकीट घेतात. संभव तेवढाच राहतो आणि प्रत्येकाचा खर्च दशांश होतो. शहाणपणाचा प्रकार दुसरा. गट केल्याने खर्च कमी झाला तर गट कामाचा. पण बहुधा घडते उलटे. एकटा असताना जो एखादे आठवडी तिकीट चुकवितो, तो गटात शिरल्यावर लाजेखातर कधीच चुकवीत नाही.

दुसऱ्या प्रकाराचे एक उदाहरण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात परप्पनंगडी नगरपालिकेच्या हद्दीत घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या हरितकर्मसेनेतील अकरा स्त्रियांनी २०२३ साली अडीचशे रुपयांचे एक तिकीट मिळून घेतले. एकटीला ते परवडणारे नव्हते. नऊजणींनी पंचवीस-पंचवीस रुपये घातले आणि दोघींनी मिळून पंचवीस. त्याच तिकिटाला दहा कोटींचे बक्षीस लागले. ही गोष्ट ऐकून आनंद झाला नाही असा माणूस विरळा. पण ती सांगताना दोन गोष्टी सांगावयाच्या राहू नयेत. त्याच सोडतीत लाखो तिकिटे कोरी गेली आणि त्यांच्या मालकांचे छायाचित्र कोणी छापले नाही. आणि कोणी किती घातले, कोणाचा अर्धा वाटा, हे त्या स्त्रियांनी सोडतीपूर्वीच ठरविले होते. त्यांच्या भाग्याचे अनुकरण करता येत नाही. त्यांच्या हिशेबाचे करता येते.

म्हणून ज्यांना मिळून तिकीट घ्यावयाचेच असेल, त्यांनी पुढील पथ्ये पाळावीत. एका वहीत तारीख, तिकिटाचा क्रमांक, प्रत्येकाचे नाव व भरलेली रक्कम लिहावी आणि सोडतीपूर्वी सर्वांनी सह्या कराव्यात. तिकिटाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र प्रत्येकाजवळ असावे. लॉटरीचे तिकीट हा बक्षीस मागण्याचा हक्क आहे, वस्तू नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला आहे. आणि हक्क सांगावयाचा तो कागद दाखवूनच. तेव्हा कागद कोणाजवळ राहील, हे आधी ठरवावे. बक्षीस एकाच्या नावे निघाले तर कर त्याच्याच नावे कापला जातो. वाटे खरोखर किती होते याचा पुरावा ही वहीच देईल. ओळखदेख नसलेल्या माणसाने फोनवरून गट जमवावयास घेतला, अथवा "तुम्हाला बक्षीस लागले आहे, आधी कराची रक्कम पाठवा" असे कोणी कळविले, तर त्याला एक पैही देऊ नये. खरा कर बक्षिसातून कापून घेतात, आधी मागत नाहीत.

आणि सर्वांत महत्त्वाचे पथ्य गैरहजर माणसाचे. जो या आठवड्यात पैसे देऊ शकला नाही, तो आत की बाहेर?

येथे मी सुरुवातीच्या गोष्टीकडे परत येतो. १६५४ साली पास्काल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी एक प्रश्न पत्रांतून सोडविला. खेळ अर्ध्यावर मोडला तर डावातले पैसे खेळाडूंत कसे वाटावेत? त्यांचे उत्तर असे, की पुढे काय घडले असते याचा सर्व बाजूंनी संभव मोजावा आणि त्याप्रमाणे वाटणी करावी. संभवाच्या शास्त्राचा आरंभ या प्रश्नापासून मानतात. म्हणजे ते शास्त्र भाग्य ओळखण्यासाठी जन्मले नाही, भांडण मिटविण्यासाठी जन्मले. आमच्या सातव्या वाट्याची किंमत सोडतीपूर्वी काय होती? फार तर एक रुपया. त्या दिवशी दोघांपैकी कोणालाही विचारले असते, तर "असू दे, त्याचा असू दे" असेच उत्तर मिळाले असते. सोडत निघाली आणि रुपयाचे सातशे चौदा झाले. मग उदार होणे दोघांनाही जड गेले. प्रश्न रुपयाचा असताना विचारावयाचा होता, तो आम्ही सातशेचा झाल्यावर विचारला. चूक ना गणिताची, ना त्या दोघांची. चूक आम्हा सातांचीही होती, कारण दोन वर्षांत वहीचे एक पानही आम्ही लिहिले नव्हते.

माझ्या वाट्याचे सातशे चौदा रुपये कशात खर्च झाले, ते आज आठवत नाही. त्या दोघांचे दरवाजे समोरासमोर होते, ते आठवते. पाळी सुटल्यावर दोघे वेगवेगळ्या वाटांनी घरी जात, तेही आठवते. लॉटरीचा हिशेब मांडताना मी कर धरला, कमिशन धरले, संभव धरला. हा खर्च मात्र कोणत्याच तिकिटावर छापलेला नसतो. मिळून काही करावयाचे असेल तर तिकिटाच्या आधी वही आणा, एवढेच सांगून आपली रजा घेतो.